साथीचा कायदा आणि समाजाची साथ (१८९७ ते २०२२)

दि. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने एक विधेयक संमत केले. ते मांडले गेल्यास जेमतेम एक आठवडा लोटला होता. कलमे अवघी चार आणि सगळा मजकूर एका पानात मावेल इतका. पहिल्या कलमात कायद्याचे नाव व व्याप्ती होती. दुसऱ्यात, भयंकर साथ उद्भवल्यास नेहमीचे कायदे अपुरे आहेत असे सरकारला वाटल्यास त्याने वाटेल ते तात्पुरते नियम करावेत, रेल्वेचे उतारू तपासावेत, संशयितांस वेगळे ठेवावे, असा अधिकार होता. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्यास भारतीय दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा आणि चौथ्यात सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारास दाव्यापासून संरक्षण. दुसऱ्या कलमाच्या पोटात, कंसात घातलेले दोन-तीन शब्द मात्र व्यापारउदीम करणाऱ्याच्या नजरेतून सुटू नयेत असे आहेत. या कामी होणारा खर्च, ‘भरपाई असल्यास तीसुद्धा’, कोणी व कशी सोसावी हे सरकारने ठरवावे, असे तेथे म्हटले आहे. भरपाई दिलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. असलीच तर, एवढेच म्हणतो.

हाच कायदा १२३ वर्षांनी, दि. १३ मार्च २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने कोरोना विषाणूच्या प्रादुर्भावामुळे राज्यात लागू केला. पुढे दोन वर्षे दुकानांची दारे, मंदिरांचे गाभारे, लग्नाचे मांडव आणि शाळांचे वर्ग ज्या आदेशांनी बंद झाले व उघडले, त्यांच्या शिरोभागी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याबरोबर या जुन्या कायद्याचेही नाव असे. म्हणून त्याचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला आणि त्याच्या अंमलाने समाजमनात काय काय घडविले, हे पाहणे अगत्याचे आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात लोक तापाने व काखा-जांघेतील गाठींनी दगावू लागले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा आणि त्यांच्याच वर वसलेल्या दाट चाळींचा मुलूख. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठींचा प्लेग असल्याचे निदान केले. प्रारंभी त्यावर विश्वास ठेवण्याची कोणाची इच्छा नव्हती. एकदा प्लेग म्हटले की बंदरावर बहिष्कार येणार, हे बाजारालाही ठाऊक होते आणि सरकारलाही. तथापि निदान खरे ठरले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबई महापालिकेने रोग्यांस सक्तीने रुग्णालयात हलविण्याची अधिसूचना काढली.

परिणाम विपरीत झाला. घरातील रुग्ण लपविले जाऊ लागले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता गिरणगावात पसरली आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. महापालिकेस सक्ती सैल करावी लागली. पुढील काही महिन्यांत शहर रिकामे होत गेले. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. तीतील जवळजवळ निम्मे लोक १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत गावोगावी पांगले. गिरण्यांत हजेरी इतकी घटली की मालकांना रोजच्या रोज पगार चुकता करावा लागला, आणि नाक्यावर उभ्या मजुरांसाठी गिरण्यांचे लोक चढाओढीने बोली लावू लागले. कापडाच्या बाजारपेठेच्या इतिहासात मजुराने भाव सांगावा आणि मालकाने तो निमूट मान्य करावा, असे प्रसंग विरळाच.

याच सुमारास युरोपातील राष्ट्रांनी हिंदुस्थानच्या मालावर व यात्रेकरूंवर निर्बंध घालण्याची भाषा सुरू केली. त्यासाठी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्यापार वाचवावयाचा तर सरकार काहीतरी कठोर करीत आहे हे जगास दिसणे भाग होते. चार कलमांचा कायदा एका आठवड्यात संमत होण्यामागे रोग्यांची काळजी जशी होती तशी बंदरांचीही होती, हे मान्य करावे लागेल.

कायदा एकच, परंतु पुणे आणि मुंबई या दोन शहरांत त्याचा अंमल दोन रीतींनी झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडतीस निघाल्या. देवघरात व स्वयंपाकघरात बुटांनिशी शिरणे, स्त्रियांस उघड्यावर आणून तपासणे, सामानसुमान रस्त्यावर फेकणे व जाळणे, अशा तक्रारींचा पाऊस पडला. तक्रार ऐकावयास मात्र कोणी नव्हते. याच मार्च महिन्याच्या १० तारखेस, रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगची लागण होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्या व त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरनजीक रोग्यांसाठी उपचाराची सोय केली होती. लोकमान्य टिळक स्वतः पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यास पुढाकार घेतला आणि विलगीकरण आवश्यक असल्याचे ‘केसरी’तून सांगत असतानाच झडतीच्या पद्धतीवर कठोर टीका केली. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी बोल लावले. हा विवेक पुढील गदारोळात झाकला गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या घटनेत लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावला. चापेकर बंधू फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली.

मुंबईत ५ मार्च १८९७ रोजी ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. गेटेकर लष्करी गृहस्थ होते, झडत्या त्यांनीही घेतल्या. परंतु प्रत्येक ज्ञातीच्या शेठियांना बोलावून त्यांच्याशी विचारविनिमय करण्याची, झडतीच्या वेळी त्याच वस्तीतील प्रतिष्ठित माणूस बरोबर ठेवण्याची आणि ज्या त्या समाजास आपले स्वतंत्र रुग्णालय काढू देण्याची रीत त्यांनी अवलंबिली. आपल्या हातचे अन्न, आपली भाषा बोलणारी परिचारिका आणि दाराशी आपलाच नातलग, एवढे मिळताच जो माणूस सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरथर कापत होता तो आपण होऊन दाखल होऊ लागला. औषध दोन्हीकडे सारखेच निरुपयोगी होते. प्लेगवर त्या काळी औषध नव्हतेच.

तथापि मुंबईची कहाणीही निष्कलंक नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात एका विणकर कुटुंबातील आजारी मुलीस तपासून नेण्याचा प्रयत्न पथकाने केला, तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून आलेले जुलाहे विणकर खवळून उठले. दंगल झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या वेळी समितीचे अध्यक्ष होते जेम्स कॅम्पबेल. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक म्हणून ज्यांचे नाव अभ्यासक आजही आदराने घेतात तेच हे. ज्याने या प्रांतातील प्रत्येक जातीजमातीच्या चालीरीती ग्रंथबद्ध केल्या, त्याच्याच कारकीर्दीत एका मुलीच्या पडद्यावरून शहर पेटावे, हा दैवदुर्विलासच. यानंतर सरकारने सक्तीचा हात हळूहळू आखडता घेतला.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. ज्या उपायांसाठी एवढी सक्ती झाली त्यांतील बहुतेक चुकीच्या शत्रूवर रोखलेले होते. गटारे कार्बोलिकने धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, अंथरुणे जाळली गेली. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसास होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत १८९८ साली दाखवून दिले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी सात-आठ वर्षे लागली. उंदीर मारण्याच्या मोहिमा त्यानंतरच्या. त्या मोहिमांनी अहिंसाधर्मीयांपुढे मोठेच धर्मसंकट उभे केले आणि जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी त्यांस विरोधही केला. त्या विरोधामागील श्रद्धा प्रामाणिक होती, यात संशय नाही. पण वखारीतील धान्याच्या राशी उघड्या ठेवावयाच्या आणि उंदरांविषयी दया बाळगावयाची, यातील विसंगती कोणी दाखवावयास हवी होती. बंद कोठारे आणि स्वच्छ वखारी हा मार्ग हिंसेचाही नव्हता आणि रोगासही आळा घालणारा होता.

लसीचा इतिहास याहून उद्बोधक आहे. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली, तीही अनेकदा, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू वापरावयास दिली. त्यांचे वय त्या वेळी वीसही पूर्ण नव्हते. हजारो खोजा कुटुंबांनी त्यांचे अनुकरण केले. जे काम सोजिरांच्या तुकडीने झाले नसते ते एका माणसाच्या उघड्या दंडाने झाले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, तीच १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. पंजाबातील मलकोवाल गावी १९०२ साली लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि त्याचे खापर हाफकिन यांच्या माथी फुटले. त्यांची निर्दोष मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडले.

सन १९१८ चा इन्फ्लुएंझा हा मात्र खराखुरा विषाणू. त्या काळी तो कोणी पाहिलेला नव्हता. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली हाती लागला. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि शहरभर ताप पसरला. ती लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात आली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख आणि देशभरात एक ते दोन कोटी माणसे गेली असा अंदाज आहे. या वेळी सरकारने बंधने जवळजवळ घातलीच नाहीत. प्लेगच्या वेळी हात पोळले होते, महायुद्धामुळे डॉक्टर परदेशी होते आणि विषाणूच्या गतीपुढे कोणताही आदेश तोकडा पडला असता. जे काही झाले ते ज्ञातीसंस्था, सेवामंडळे आणि दानशूर गृहस्थ यांच्या फिरत्या दवाखान्यांतून, दूध व घोंगड्यांच्या वाटपातून. रँडच्या सोजिरांनी लोकांच्या मनात जी भीती निर्माण केली तिचे मोल असे वीस वर्षांनंतरही चुकते करावे लागले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मधल्या काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तेव्हा शाळा, चित्रपटगृहे व मॉल काही दिवस बंद झाले आणि तोंडाला रुमाल बांधलेले पुणे सर्वांनी पाहिले. साथ ओसरली आणि लोक विसरले.

त्यानंतर अकरा वर्षांनी, ९ मार्च २०२० रोजी, त्याच पुण्यात कोरोनाचे राज्यातील पहिले रुग्ण आढळले. १७ मार्च रोजी मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात राज्यातील पहिला मृत्यू झाला. १८९६ साली गिरणी कामगारांनी ज्यावर दगड फेकले ते आर्थर रोडचे रुग्णालय म्हणजेच आजचे कस्तुरबा. २५ मार्च रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. पाडवा आणि लग्नसराई यांसाठी भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत येथून उचललेला माल गाठींतच राहिला. परंतु २०२० च्या त्या पहिल्या बंदबद्दल बाजारपेठांत फारशी कुरबूर झाली नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रोग नवा होता, भय सर्वांना सारखे होते आणि बंद सर्वांसाठी होता. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांसाठी कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. व्याज चढत होते तरी तगाद्यापासून सुटका होती. जूनमध्ये ‘पुनश्च हरिओम’ झाले. रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखांना व दुसऱ्या बाजूची विषम तारखांना, असे वेळापत्रक आले. कपड्याच्या दुकानात अंगावर घालून पाहण्याची खोली बंद आणि विकलेला माल बदलून देण्यास मनाई, असा नियम झाला. मापात बसतो की नाही हे न पाहता गिऱ्हाइकाने कापड न्यावे आणि बदलावयास येऊ नये! बाजार यावर हसला, पण नियम पाळला गेला. पुढे विज्ञानाने सांगितले की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंच्या स्पर्शातून क्वचित. तोपर्यंत नोटा इस्त्रीखाली गेल्या होत्या आणि तागे तीन-तीन दिवस कोपऱ्यात एकांतवासात राहिले होते. १८९७ चा चुना आणि कार्बोलिक यांचीच ही नातवंडे.

धर्मस्थानांचा प्रश्न याहून नाजूक होता. आषाढी वारीच्या पादुका ३० जून २०२० रोजी एस. टी. बसने पंढरपुरास गेल्या. सार्वजनिक गणेशमूर्तींना चार फुटांची मर्यादा पडली आणि लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता आरोग्योत्सव साजरा केला. पर्युषण पर्वात मंदिरे उघडावीत यासाठी एका जैन न्यासाने उच्च न्यायालयाचे व नंतर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरे शेवटच्या दोन दिवसांसाठी, एका वेळी पाच व दिवसभरात अडीचशे माणसांच्या अटीवर उघडण्यास अनुमती दिली. जेथे पैशाचा संबंध येतो तेथे राज्य धोका पत्करते आणि धर्माचा प्रश्न आला की साथीचे कारण पुढे करते, या आशयाचे बोल त्या वेळी सरन्यायाधीशांनी ऐकविले. समाजात यावर दोन मते पडली आणि ती स्वाभाविकच होती. एका पक्षाचे म्हणणे असे, की इतक्या मर्यादेने दर्शन होत असेल तर ते नाकारण्यास आधार नाही. दुसऱ्या पक्षाला वाटे की प्रतिक्रमण घरीही होते, क्षमापना दूरध्वनीवरूनही होते, आणि ज्या धर्मात सूक्ष्म जीवाच्याही रक्षणाचा विचार आहे त्याने सवलतीसाठी रांगेत पुढे उभे राहू नये. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. परंतु पहिल्या पक्षाने कायदा हाती न घेता न्यायासनापुढे जाऊन अटी मान्य केल्या, हेही काही थोडे नव्हे. साधुसाध्वींच्या मुखवस्त्रिकेकडे कुतूहलाने पाहणारे शेजारी त्या वर्षी स्वतःच तोंडाला पट्टी बांधून फिरत होते. हेतू निराळा होता. आपल्या श्वासाने दुसऱ्यास अपाय होऊ नये, एवढे साम्य मात्र खरे. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली.

नवे वर्ष आशेने उजाडले. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि त्यातील बहुतांश लस पुण्यातच तयार होत होती. दुकाने भरली, लग्नाच्या तारखा निघाल्या. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांतून रुग्णवाढीच्या वार्ता येऊ लागल्या आणि २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी झाली. मुंबई-पुण्याच्या बाजारांनी ते विदर्भापुरते समजून सोडून दिले. नागपूर १५ मार्चपासून बंद झाले. विषाणूचे जे रूप पुढे ‘डेल्टा’ या नावाने जगभर कुप्रसिद्ध झाले ते याच काळात महाराष्ट्रात पसरत होते. ४ एप्रिल रोजी एकट्या मुंबईत ११ हजारांवर रुग्ण नोंदले गेले.

त्याच दिवशी, रविवारी, राज्य शासनाने ‘ब्रेक द चेन’ या नावाने नवे निर्बंध घोषित केले. लोकांच्या कानी प्रथम पडले ते असे, की रात्री संचारबंदी राहील आणि शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ पूर्ण बंद राहील. व्यापाऱ्यांनी शनिवार-रविवारची गणिते मांडली. प्रत्यक्ष आदेश वाचला गेला तेव्हा उमगले की अत्यावश्यक वस्तूंखेरीज सर्व दुकाने ३० एप्रिलपर्यंत आठवड्याचे सातही दिवस बंद आहेत. सोमवारी उघडलेल्या पेढ्या मंगळवारी पोलिसांनी बंद केल्या. पुणे, ठाणे, नागपूर आणि अनेक जिल्ह्यांच्या गावी व्यापारी रस्त्यावर उतरले. काहींच्या हाती फलक होते, काहींनी दुकानापुढे थाळ्या वाजविल्या. सरकारशी बोलणी झाली आणि व्यापारी संघटनांनी काही दिवस थांबण्याचे ठरविले. तेवढ्यात १४ एप्रिलच्या रात्री आठपासून संपूर्ण राज्यात संचारबंदी लागू झाली. १३ तारखेचा पाडवा पुन्हा बंद दारांआड गेला. सलग दुसरा.

या संतापाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. विषाणू हे थोतांड आहे असे म्हणणारे बाजारात काही थोडे होते, आणि ते सर्वस्वी चुकीचे होते. १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्णांची नोंद झाली. रुग्णशय्येसाठी माणसे शहरातून शहरात धावली. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन प्राणवायूची रेल्वेगाडी विशाखापट्टणमकडे निघाली. २१ एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळून वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. अशा दिवसांत साड्यांचे दुकान उघडे ठेवू द्यावे, ही मागणी ज्यांनी रेटली त्यांच्याही घरून कोणी ना कोणी पुढील पंधरवड्यात रुग्णालयात गेले. बंद आवश्यक होता. ज्या रीतीने तो कानावर आला आणि ज्या रीतीने त्याचा भार वाटला गेला, त्याविषयी मात्र तक्रार रास्त होती. घोषणा एक आणि आदेश दुसरा, अशी समजूत एकदा झाली की तिसऱ्या आदेशावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

भाराविषयी बोलावयाचे तर, १४ एप्रिलच्या बंदबरोबर राज्याने ५,४७६ कोटी रुपयांचे सहाय्य घोषित केले. नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक व बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये, सात कोटी शिधापत्रिकाधारकांस एक महिना तीन किलो गहू व दोन किलो तांदूळ, शिवभोजन थाळी मोफत. हे योग्यच झाले. छोटा दुकानदार, त्याचे दोन गुमास्ते आणि दिवाणजी मात्र कोणत्याच यादीत नव्हते. दुकानदार श्रीमंत मानला गेला म्हणून, आणि गुमास्ता कुठेही नोंदलेला नव्हता म्हणून. २०२० सारखी हप्त्यांची सरसकट मुभाही या वेळी नव्हती. बँकेकडे अर्ज करून कर्जाची फेररचना मागावयाची होती. भाडे, वीज, व्याज आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे यांची चक्रे थांबली नाहीत. २२ एप्रिलपासून लग्नास पंचवीस माणसे आणि दोन तास, मोडल्यास पन्नास हजारांचा दंड, असा नियम आला. कापड बाजाराची वर्षाची निम्मी उलाढाल ज्या पाडवा-अक्षय्यतृतीयेच्या दरम्यान व्हावयाची तीत दोन्ही वर्षे शून्य आले. त्या वर्षी अक्षय्यतृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी, १४ मे रोजी होती. हिंदू, जैन, मुसलमान सर्व गिऱ्हाईक एकाच आठवड्यात यावयाचे, तेव्हा बाजारात शुकशुकाट होता. अर्धे सटर उचलून मागल्या दाराने विकणारे काही होते, दंड भरणारेही होते. बहुतेकांनी गुमास्त्यांचे अर्धे वेतन कसेबसे चालू ठेवले. काहींना तेही जमले नाही, आणि त्यांतील कित्येक कुशल माणसे कापडाचा धंदा सोडून गेली ती परतली नाहीत.

१८९७ च्या मुंबईचे स्मरण होते ते येथेच. गेटेकरांनी शेठियांना बोलावले ते घोषणेनंतर नव्हे, आधी. २०२१ सालीही जेथे असे झाले तेथे चित्र निराळे दिसले. अनेक तालुक्यांच्या गावी व्यापारी संघटनांनी तहसीलदार व नगराध्यक्ष यांच्यासमवेत बसून आपण होऊन ‘जनता कर्फ्यू’ पाळला. तेथे दंडाची पावती फाडावी लागली नाही. समाजाच्या संस्थाही मागे नव्हत्या. भारतीय जैन संघटनेचे फिरते दवाखाने २०२० पासूनच वस्त्यांतून हिंडत होते आणि दुसऱ्या लाटेत प्राणवायू देणारी यंत्रे घरपोच देण्याचे काम तिने केले. शहरोशहरींच्या गुरुद्वारांनी, मशिदींनी, मंदिरांनी, वाड्यांनी व अतिथिभवनांनी खाटा मांडल्या. १८९७ ची ज्ञातीरुग्णालये ज्या त्या ज्ञातीपुरती होती. येथे दारावर जात विचारली गेली नाही, हा सव्वाशे वर्षांतील खरा पालट होय.

७ जून २०२१ पासून रुग्णसंख्या व प्राणवायूच्या खाटा यांनुसार जिल्ह्यांचे पाच स्तर ठरविण्यात आले. कोणता आकडा आला म्हणजे दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहील हे त्या तक्त्यात आधीच लिहिलेले होते. त्यातही तक्रारी झाल्या, पण दुकानदार आपल्या जिल्ह्याचा आकडा स्वतः पाहू लागला आणि तोंडावरची पट्टी गिऱ्हाइकास स्वतः सांगू लागला. धर्मस्थाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातील सर्व निर्बंध उठले. दोन पाडवे हुकलेल्या बाजाराने तिसरा पाहिला. तोवर राज्यात या रोगाने सुमारे १ लाख ४८ हजार माणसे नोंदलेल्या आकड्यांप्रमाणे गेली होती. त्यांत बाजारपेठेतील किती, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. जुन्या पेढ्यांतील भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरींवरून तेवढे कळते.

कायदा आहे तेथेच आहे. २०२० साली त्यात वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद भरण्यात आली. आर्थर रोडच्या दगडफेकीनंतर सव्वाशे वर्षांनीही ती करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा आजच्या गरजांस अपुरा असल्याचे सांगून एकतर त्यात व्यापक सुधारणा करावी किंवा नवा कायदा करावा, अशी शिफारस केली. विलगीकरण म्हणजे काय, निर्बंध कोणत्या टप्प्याने वाढवावेत व सैल करावेत, केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांनी कोणी काय करावे, हे मूळ कायद्यात नाही. भरपाईविषयीचे कंसातील शब्द दुसऱ्या कलमात १८९७ साली होते तसेच उभे आहेत.